कोरड्या आट्यांचे डबीर

यवतमाळच्या मोटार स्टँडवरून बाभुळगावची बस सुटायची वेळ झाली, कंडक्टरने दोरी ओढून घंटी दिली, की बसच्या खालून आवाज यायचा, "थांबा, एक चाक राह्यलं."

मग मागच्या चाकाआडून आधी काळी टोपी, मग चष्मा आणि मग अख्खे दामोदर डबीर बाहेर यायचे. हातात वीतभर पितळी हातोडी. बसच्या प्रत्येक चाकाचा प्रत्येक नट त्या हातोडीने ठोकून, कान देऊन ऐकल्याशिवाय हा माणूस गाडीत पाय ठेवत नसे. घट्ट नट टण् वाजतो आणि ढिला भद् वाजतो, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. "आवाज सांगते, वहिनी," असं ते म्हणायचे आणि टोपी झटकायचे.

एकदा एका कंडक्टरने वैतागून विचारलं, "डबीरसाहेब, तिकीट काढता का इथंच नोकरी लावून देऊ?"

"उपरोक्त दोन्ही नको," डबीर म्हणाले. "मी पायी जातो. मागच्या डाव्याचा दुसरा नट पाहून घ्या." आणि खरंच चालायला लागले. त्या ड्रायव्हरने शिव्या देत पाना काढला, नट पाहिला, आणि त्यानंतर बाभुळगावच्या बसने डबीरांसाठी थांबणं हा नियमच झाला.

डबीर कचेरीत टायपिस्ट होते. आमच्या घराला लागून त्यांचं घर, मध्ये कमरेएवढी भिंत. दिवसभर सरकारी पत्रं टाइप करून त्यांची बोलीही तशीच झाली होती. भाजीची वाटी परत देताना म्हणायचे, "उपरोक्त वांग्यात मीठ कमी होतं. सबब मी घालून खाल्लं." मी सरकारी दवाखान्यात नर्स. माझा दिवस बाळंतपणं आणि मोडलेली हाडं यांत जायचा. संध्याकाळी असली भाषा ऐकून मला हसू यायचं, पण वाटी मी पुन्हा भरून द्यायची.

डबीरांचं लग्न झालं नव्हतं. एकदा होता होता राहिलं, तेही चाकामुळे. कळंबला मुलगी पाहायला गेले. पोहे झाले, मुलगी पसंत पडली, मुलीचे वडील सोडायला टांग्यापर्यंत आले. डबीरांनी सवयीने टांग्याच्या चाकाला हातोडी लावली आणि म्हणाले, "दोन आरे ढिले हायेत. सबब मुलीला यात बसवत जाऊ नका." टांगा मुलीच्या मामाचा होता. महिनाभर वाट पाहून डबीरांनी मला विचारलं, "वहिनी, खरं सांगितलं ते चुकलं का?" मी म्हटलं, "चुकलं नाही, पण पोह्यांनंतर लगेच सांगायला नको होतं." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं की काय, असा चेहरा केला.

आपला भाग मुंबई राज्यात गेला त्या सुमारास एका जिनिंग कंपनीने आपल्या दोन जुन्या मोटारी विकायला काढल्या. एकाच घडणीच्या, एकाच रंगाच्या, काळ्या, चौकोनी. एकीत कोंबड्या अंडी घालायच्या. कोंबड्यांची गाडी डबीरांनी घेतली आणि दुसरी रामसिंगने.

रामसिंग हा बाभुळगावच्या वाटेवरच्या बंजारा तांड्याच्या नाईकाचा मुलगा. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. बापाने गाड्या हाकल्या. रामसिंग मोटारीतून बाजाराची माणसं ने-आण करायचा. उंच, मोठ्या आवाजाचा, डोक्याला लाल फेटा. दोघांनी मिळून ठरवूनच त्या गाड्या घेतल्या होत्या, म्हणजे एकीचा भाग दुसरीला चालेल. दर रविवारी आमच्या भिंतीपलीकडे चार पाय दिसायचे. दोन गोरे, काडीसारखे, दोन काळेसावळे, भक्कम. बाकीची माणसं गाडीखाली. वर चहा ठेवला की हात बाहेर यायचा आणि कप आत जायचा.

ही मैत्री तेलावरून तुटली.

मोटारीचं चाक ज्या पाच जाड खिळ्यांवर बसवून नटांनी आवळतात, त्यांना फिटर लोक स्टड म्हणतात. रामसिंगच्या घरात पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट शिकवलेली : चाक म्हटलं की वंगण. बैलगाडीचा आस कोरडा ठेवणारा माणूस तांड्यात कोणी पाहिलाच नव्हता. म्हणून तो स्टडच्या आट्यांनाही तेल पाजायचा आणि वर पान्यावर उभा राहून नट आवळायचा. डबीरांचं म्हणणं, आटा कोरडाच पाहिजे. तेल लावलं की नट हवा त्याच्यापुढं सरकतो, आणि स्टड ओढला जाऊन आतल्या आत बारीक होतो.

"कागदं खरडनाऱ्यानं मले चाक शिकवू नये," रामसिंग म्हणाला.

"तुम्ही मोटार चालवत नाही, बैल चालवता," डबीर म्हणाले.

झालं. पाच वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण गंमत अशी, की येणं थांबलं नाही. रामसिंग बाजाराच्या दिवशी माझ्या ओट्यावर टेकायचा, त्याच वेळी डबीरांना भिंतीपाशी काही काम निघायचं.

"बाई, त्यायले सांगा, त्यायच्या गाडीचा भोंगा म्हशीवानी वरडते."

"वहिनी, त्यांना कळवा, म्हशीला निदान ब्रेक लागतो."

"बाई, त्यायले इचारा, ताप उतरला का? खोकून राह्यले."

"वहिनी, सांगा, उतरला. आभारी आहे."

मी मध्ये बसून तूर निवडायची. निरोप पोचवायची गरजच नसे, दोघांमध्ये सहा हातांचं अंतर. पण मी "हो, सांगते" म्हणायची, कारण नाही म्हटलं तर ते तेवढंही बोलले नसते.

मग मोटारींच्या पटाची टूम निघाली. आमच्याकडे बैलजोड्यांचा शंकरपट होतो. सरळ पट्टा, दोन जोड्या बाजूबाजूला, निशाण पडलं की सुटायचं. जिनवाल्या शेठच्या मुलांनी काढलं, बैलांचा होतो तर मोटारींचा का नको? बाभुळगाव रस्त्याचा सरळ तुकडा निवडला, दोन फर्लांगांचा. दिवस दसऱ्याचा, सकाळचा.

रामसिंगने ओट्यावरून जाहीर केलं, "बाई, त्यायले सांगा, येऊ द्या त्यायची गाडी माह्या गाडीच्या बाजूले. कोरडं जिंकते का वंगण, गाव पाहीन. आन जो हारन, तो जितल्याच्या दारात जाऊन पह्यले बोलन."

भिंतीपलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग डबीर म्हणाले, "वहिनी, मंजूर म्हणून कळवा."

ताशी वीस मैलांच्या वर कधी गाडी न चालवलेला माणूस शर्यतीला तयार झाला, याचं मला नवल वाटलं. पण त्या दिवसापासून ते गुणगुणायला लागले. त्यांनी आपली गाडी तपासली. मागच्या उजव्या चाकाचे स्टड थकलेत, सुटतानाचा झटका सोसणार नाहीत, असं ठरवलं. जिनमधल्या लेथवर जुन्या आसाच्या पोलादातून पाच नवे स्टड कातून घेतले. प्रत्येकाच्या टोकाला खूण म्हणून एक ठिपका ठोकला. आणि एके दिवशी दुपारी ते पाच स्टड मलमलीच्या फडक्यात गुंडाळून थेट बाळंतिणींच्या वॉर्डात आले.

"वहिनी, बाळं तोलायचा काटा पाच मिनिटं द्या. पाचही सारखे भरले पाहिजेत."

"भाऊजी, तो काटा इतका बारीक दाखवत नाही."

"दाखवीन तेवढं पुरे."

मी एकेक ठेवला. काटा सगळ्यांना जवळजवळ तेवढाच हलला. डबीरांनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा पुसला. खाटेवरच्या एका बाळंतिणीने विचारलं, "काय झालं हो यायले?" दुसरी म्हणाली, "पाच पोरं."

आता खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पाटावर मांडून पुजतात आणि दसरा उजाडेपर्यंत कोणी पान्याला हात लावत नाही. पटाच्या गाड्या आदल्या दिवशीच शहरात आणून जिनच्या शेडमध्ये धुऊन, हार घालून उभ्या केल्या होत्या. माणसं देवीला गेली होती. मी दुपारची ड्यूटी संपवून जिनच्या बाजूने येत होते. पाहते तर रामसिंगच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकाआडून डबीर बाहेर येत होते. हात कोपरापर्यंत काळे, हातात पाना.

मला पाहून ते थिजले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही पाहिलं नाही."

"काय पाहिलं नाही?"

"उपरोक्त," म्हणाले आणि झपाझप निघून गेले.

त्या संध्याकाळी त्यांनी शेठच्या मुलाला चिठ्ठी पाठवली, माझी गाडी धावणार नाही. गावाला हसायला विषय झाला. माझं डोकं मात्र वेगळीकडे गेलं. वर्षभर मी पडलेली, चिरडलेली माणसं पाहते. पूजेच्या दिवशी हत्यार उचलून, कोणी नसताना, दुसऱ्याच्या गाडीच्या चाकाशी हा माणूस काय करत होता? आणि लगेच स्वतः अंग का काढून घेतलं? मी दोन आणि दोन चार केले. भिंत कमरेएवढी होती. पलीकडे हाक मारून विचारलं असतं तर डबीरांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारून काय, हा माणूस "उपरोक्त" म्हणेल.

दसऱ्याला सकाळी मी पट्ट्यावर गेले आणि रामसिंगला बाजूला घेऊन सांगितलं, "काल डबीर तुमच्या चाकाशी होते. मागचं उजवं. पाना होता हातात. सुटायच्या आधी पाहून घ्या."

रामसिंगचा चेहरा दगडासारखा झाला. तो गाडीकडे गेला. जॅक लावला, चाक उतरवलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मग डिकीतून काहीतरी काढून खटपट करू लागला. मी परत माझ्या जागी आले. आपण वेळेवर सांगितलं याचं मला समाधान होतं.

बायांनी गाड्यांना ओवाळलं, कुंकू लावलं. डबीर नव्हते, म्हणून रामसिंगच्या शेजारी शेठच्या मुलाची जीप. निशाण पडलं. रामसिंगची गाडी उडी मारून सुटली. मला काहीतरी तुटल्याचा टण् असा एक आवाज ऐकू आला. अर्ध्या वाटेवर आणखी दोनतीन आले आणि उजवीकडचं मागचं चाक गाडीच्या पुढे निघून गेलं. लोकांना वाटलं, काहीतरी नवा खेळ आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. चाक कपाशीत शिरलं, गाडी नालीत. मग टाळ्या थांबल्या.

मी धावत गेले. "याडी ये, याडी ये," तो आईला हाका मारत होता. मांडी आणि गुडघा, दोन्ही मोडले होते. शुद्ध जाण्याआधी लोकांनी विचारलं, कसं झालं? तो एवढंच म्हणाला, "डबीरनं चाकात हात घातलता." ते खोटं नव्हतं. गावाला तेवढं पुरलं.

वॉर्डात मी त्याचा कोट कात्रीने कापला. खिशात जड काहीतरी लागलं. मलमलीचं फडकं, त्यात पाच नवे स्टड, प्रत्येकाच्या टोकाला ठिपका.

मला उभ्या उभ्या सगळं कळलं. डबीरांनी काही ढिलं केलं नव्हतं. स्वतःसाठी केलेले स्टड त्यांनी रामसिंगच्या गाडीला बसवले होते. ते स्टड देऊन टाकल्यावर त्यांची गाडी पटात उतरणार कशी? आणि मी सांगितलं म्हणून रामसिंगने ते काढून, डबीरांनी याच फडक्यात बांधून डिकीत ठेवलेले आपले जुने परत लावले होते.

मी ते फडकं माझ्या खणात ठेवून कुलूप लावलं.

मोडलेलं हाड खरं ऐकून जुळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते कारण नव्हतं. सांगायचं तर सुरुवात माझ्यापासून करावी लागली असती, आणि ती मला करायची नव्हती.

डबीर रोज संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत यायचे. तांब्याभर दूध माझ्या हाती द्यायचे. "नाव सांगू नका," म्हणायचे. रामसिंग दूध प्यायचा आणि कुठून आलं ते विचारायचा नाही. त्याने कोटाचा खिसाही कधी विचारला नाही. पोरं रस्त्यावर डबीरांच्या मागे "चाकचोर" म्हणून ओरडायची. कचेरीत शेजारच्या कारकुनाने टेबल हलवून घेतलं. बाभुळगावच्या ड्रायव्हरने त्यांना चाकांपाशी वाकलेलं पाहून सगळ्यांसमोर हाकललं. या सगळ्याला त्यांच्याकडे एका वाक्याचं उत्तर होतं. ते वाक्य त्यांनी कधीच उच्चारलं नाही. मीही नाही.

थंडीत त्यांनी बदली मागून घेतली, उमरखेडला. मोटार भिंतीपलीकडे ताडपत्री घालून ठेवली. जाताना मला म्हणाले, "वहिनी, वांग्याची वाटी तुमची माझ्याकडे राहिली होती, ही घ्या."

उन्हाळ्याच्या तोंडाशी देवीची लस टोचायच्या कामावर मला उमरखेडला पाठवलं. ते काम निघालं नसतं तर मी गेले असते की नाही, मला सांगता येत नाही. स्टँडवर विचारलं, "डबीर टायपिस्ट कुठं राहतात?" कोणी ओळखेना. म्हणजे चार महिन्यांत हा माणूस तिथे एकाही बसखाली गेला नव्हता.

एका खोलीत राहत होते. त्यांनी चहा केला. मी पिशवीतून फडकं काढून स्टूलवर ठेवलं आणि सरळ सांगितलं, "भाऊजी, मी सांगितलं होतं त्याला. तुम्ही चाकाशी होता म्हणून. हे त्याने काढून टाकले ते माझ्यामुळे. आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

त्यांनी फडकं उघडलं नाही. म्हणाले, "गुडघा वाकते का त्याचा?"

"नाही. वाकणार नाही."

त्यांनी स्टूलवरचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "नवमीला त्याच्या गाडीपाशून जात होतो. वाजवून पाह्यलं. पाचही भद्. माह्यापेक्षा वाईट. आता त्याले सांगणार कसं? बोलत नव्हतो ना. म्हटलं गुपचूप बसवून देऊ. गाडी माझी राह्यली की मी हरलोच. मग सोनं घेऊन त्याच्या दारात जाईन, हरलो म्हणून पह्यले बोलीन. नवा सदरा शिवला होता वहिनी." पुढे म्हणाले, "तुम्ही सांगितलं ते बरोबरच. मी चोरासारखा गेलतो. एक शब्द बोललो असतो तर."

मी म्हटलं, "ते आता बोला. पत्र लिहा. मी नेऊन देते."

त्यांनी कागद घेतला, टाक बुडवला, सुंदर वळणात पहिली ओळ लिहिली. मग थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं लिहिलेला माणूस. चहाचे कप मी धुऊन ठेवले, तरी दुसरी ओळ उमटली नव्हती. बाहेर माझी बस लागली होती.

"पुढे काय लिहू, वहिनी?"

"ते मी कसं सांगू?"

त्यांनी शाई वाळू दिली, घडी घातली आणि म्हणाले, "एवढंच जाऊ द्या."

पुढच्या आठवड्यात मी तांड्यावर गेले. रामसिंग बाजेवर बसला होता, एक पाय काठीसारखा सरळ पुढे. मी फडकं त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते उघडून पाहिलं.

"तुमच्यापाशी होते व्हय," तो म्हणाला. "मी चाक उतरवलं तवाच समजलं बाई, हे डबीरचे हात हायेत. चांगलं काम होतं. म्हनूनच राग आला. माह्या गाडीले त्याचं लोखंड? मले येत नाही का? त्याच्या तोंडावर फेकीन म्हटलं, म्हनून खिशात ठेवले." तो खाली पाहत राहिला. "वार्डात दूध त्याचंच होतं. मले मालूम होतं. पन गावाले काय सांगू? मीच माह्या हातानं काढले म्हनून?"

"मीही सांगितलं नाही," मी म्हटलं आणि कागद पुढे केला.

त्याला वाचता येत नव्हतं. त्याने उलटसुलट करून पाहिला. "काय लिवलं?"

"राजमान्य राजेश्री रामसिंगजी नाईक यांसी."

"मले म्हनते राजमान्य?"

"लिहिलंय तर तसंच."

"आन खाली?"

"खाली काही नाही."

त्याने त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला, कागदाची घडी करून फेट्यात खोचली आणि काठीसाठी हात लांब केला.

"उमरखेडची गाडी कितीले हाये, बाई?"

"सकाळी साडेसातला," मी म्हटलं. "पुढची जागा मागून घ्या. मागे पाय मावणार नाही तुमचा."